ट्यूनरचा गंधार आणि देवलांची श्रुती-हार्मोनियम

१/ मढला, समुद्राकडच्या खोलीत, स्वरमंडळ लावीत बसलो होतो. गंधाराच्या तारेला ट्यूनरने हिरवा दिवा दाखवला. पण शेजारचा तानपुरा छेडताच तोच गंधार खटकू लागला. चूक कानाची की यंत्राची? या प्रश्नावर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी हिरिरीने वाद झाला आहे. त्याची ही गोष्ट.

२/ बाजारातले बहुतेक ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा. हे माप इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली मांडले. त्या हिशेबाने शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मात्र ३८६ वर असतो. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर स्वयंभू गंधार ३०० आणि ट्यूनरचा सुमारे ३०२.४. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. दोन्ही सूर एकत्र वाजले की आवाज थरथरतो.

३/ ही थरथर गणिताने पकडू पाहणारे गृहस्थ म्हणजे डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल. तारांच्या लांबीवरून त्यांनी श्रुतींची गुणोत्तरे बसवली. या कामी त्यांना किराना घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा गळा लाभला. १९१० साली देवलांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक निघाले. पुढे ई. क्लेमेंट्स हे सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि श्रुती-हार्मोनियम घडवली गेली. आमच्या हातातल्या ट्यूनरची ही पूर्वजच म्हणायची!

४/ १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय ऐरणीवर आला. भातखंड्यांना देवल-क्लेमेंट्स यांची मांडणी मान्य नव्हती. माझ्या मते देवलांचा कान खरा होता, पण बावीस पट्ट्यांत राग कोंडता येतो हा त्यांचा विश्वास भाबडा होता. एकच कोमल गंधार दरबारीत आंदोलन घेतो आणि भीमपलासीत निराळा लागतो. पट्टी तेवढी हलत नाही. स्थिर स्वरांच्या याच आक्षेपाने पुढे १९४० साली हार्मोनियमला आकाशवाणीची दारे बंद केली.

५/ मग ट्यूनर कोणता घ्यावा? गिटारला साधा चालेल. स्वरमंडळासाठी किंवा सतारीच्या तरफांसाठी तीन गोष्टी पाहा: षड्ज आपल्या पट्टीत ठेवता यावा, अचूकता एका सेंटच्या आसपास असावी, आणि प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे काही सेंट खाली-वर नेण्याची सोय असावी. लाकडाला चिमट्याने लावायचा ट्यूनर उत्तम, कारण तो कंपन थेट घेतो. आमच्या इथल्या वाऱ्याचा त्याला त्रास होत नाही.

६/ ती सोय नसेल तर साधा ट्यूनर वापरून काटा असा थांबवा: पंचम २ सेंट वर, शुद्ध गंधार १४ खाली, शुद्ध निषाद १२ खाली. धैवताचे मात्र रागाला विचारा. आणि शेवटी ट्यूनर बंद करून प्रत्येक तार तानपुऱ्याशी ताडून पाहा. माझा गंधार त्या संध्याकाळी तसाच जुळला. काटा तेव्हा हिरव्या दिव्याच्या बराच डावीकडे होता.