नात्याची सून आणि आमचा मतदारसंघ

मी लग्न होऊन नात्याला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "आपल्या गावाने दिल्लीला अर्थमंत्री दिला आहे." चिंतामणराव देशमुख १८९६ साली येथेच जन्मले. १९५२ साली कुलाब्याने त्यांना लोकसभेवर धाडले आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळेना म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. मला तर मिळवण्यापेक्षा हे सोडणेच मोठे वाटते. १९५३ साली दुर्गाबाई त्यांच्याशी विवाह करून नात्याच्या सून झाल्या. त्या स्वतः घटना समितीच्या सभासद होत्या, हे मात्र सासूबाईंनी कधी सांगितले नाही!

विधानसभेची हकीकत निराळी. आमच्या महाड मतदारसंघात पोलादपूरही येते. २००४ साली माणिकराव जगताप निवडून आले. पुढे २००९ ते २०२४ ओळीने चार वेळा भरतशेठ गोगावले. २०२४ साली त्यांच्यासमोर माणिकरावांच्या कन्या स्नेहलताई उभ्या होत्या. महाडचे नगराध्यक्षपद त्यांनी भूषविलेले. पण आमदारकी हुकली.

त्या दिवशी रांगेत माझ्यापुढच्या काकूंनी हळूच विचारले, "आमदारकीला बाई उभी राहते होय?"

म्हटले, "राहते, काकू. आत यंत्रावर नाव आहे, बघा."