आयकार्ड आणि जर्सी

मागच्या वर्षी आमची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. सोमवारी सकाळी ऑफिसात गेलो तर गेटवरचा बोर्ड बदललेला. नवं आयकार्ड, नवा ईमेल आयडी, गळ्यात अडकवायला नवी पट्टी आणि कॅन्टीनमध्ये एक भलामोठा केक. केक खाल्ला, हात पुसले आणि शुक्रवारी अर्धवट राहिलेला बग शोधायला बसलो. अख्ख्या मजल्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही.

दुपारी जेवताना यावर हसत होतो, तर आमच्या टीममधला दादा एकदम म्हणाला, "२०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे तीन अक्षरं चिकटली ना, त्या दिवशी मी घरात कुणाशी बोललो नव्हतो." दादा कोलकात्याचा. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, दोन मुलांचा बाप. आम्ही परत हसलो. तो हसला नाही.

ते डोक्यात राहिलं. ज्या कंपनीच्या पगारावर घराचा हप्ता जातो तिचं नाव बदललं तर केक, आणि ज्या क्लबकडून छदामही मिळत नाही, उलट तिकिटाला पैसे जातात, त्याचं नाव बदललं तर सुतक! हे असं का? दोन-तीन शनिवार-रविवार यावर वाचत बसलो. त्याचा हा हिशोब.

गंमत म्हणजे माझ्या गोष्टीतले दोन्ही क्लब एकाच वर्षी जन्मले, १८८९ साली. एक उत्तर कोलकात्यात, दुसरा लंडनच्या नैऋत्येला विम्बल्डनमध्ये. हो, टेनिसवालं विम्बल्डन तेच.

आधी कोलकाता. १५ ऑगस्ट १८८९ ला मोहन बागान सुरू झाला. (तारीख योगायोगानं, पण पुढे शोभून दिसली.) २९ जुलै १९११ ला या क्लबनं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं. समोर बूट घातलेले गोरे सोल्जर आणि इकडे एक सुधीर चटर्जी सोडले तर बाकीचे दहा जण अनवाणी. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे गोल. बंगालची फाळणी होऊन सहा वर्षं झालेली, ती रद्द व्हायला अजून काही महिने होते. अशा दिवसांत ही मॅच नुसती मॅच कशी राहील? आजही २९ जुलै हा मोहन बागान दिन म्हणून साजरा होतो. हिरवा आणि गडद तांबडा हे दोन रंग आणि शिडाची होडी हे चिन्ह कोलकात्यातल्या घराघरांत वारशानं उतरतं. आडनावासारखं.

पण वारशानं भावना मिळते, खेळाडूंचा पगार मिळत नाही. १९९८ मध्ये विजय मल्ल्यांच्या युनायटेड ब्रुअरीज ग्रुपनं मोहन बागानशी करार केला आणि टीम झाली 'मॅक्डॉवेल मोहन बागान'. त्याच सुमारास त्याच ग्रुपनं ईस्ट बंगालशीही करार केला, ती झाली 'किंगफिशर ईस्ट बंगाल'. म्हणजे ज्या दोन क्लबांच्या भांडणावर अर्धं कोलकाता जगतं, त्या दोघांच्या जर्सीमागे उभा माणूस एकच! दादा म्हणतो, तेव्हा फार कुणाला बोचलं नाही, कारण लोक बोलताना फक्त मोहन बागानच म्हणायचे. नाव कागदावर होतं, तोंडात नव्हतं.

२०२० चं प्रकरण वेगळं होतं. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा कोलकात्याची फ्रँचायझी होती ॲटलेटिको दे कोलकाता. माद्रिदच्या ॲटलेटिकोशी भागीदारी संपली तेव्हा २०१७ मध्ये तिचं नाव नुसतं 'एटीके' उरलं. २०१९ मध्ये देशातली सर्वोच्च लीग म्हणून आयएसएलला मान्यता मिळाली आणि शंभरीपार गेलेला मोहन बागान एका झटक्यात दुसऱ्या पायरीवर आला. वर जायचं तर पैसा हवा. जानेवारी २०२० मध्ये संजीव गोएंकांच्या आरपीएसजी ग्रुपनं क्लबच्या फुटबॉल कंपनीतला ८० टक्के वाटा घेतला. त्यांच्याकडे एटीके आधीपासून होतीच. दोन्ही टीम एक झाल्या. नाव काय? 'एटीके मोहन बागान'.

रंग राहिले, होडी राहिली. पण सहा वर्षांच्या पोराचं नाव आधी आणि १३१ वर्षांच्या आजोबांचं नंतर! चाहते खवळले. 'रिमूव्ह एटीके' ही घोषणा निघाली. बॅनर लागले, निदर्शनं झाली.

सगळेच एका बाजूला होते असं मात्र नाही. दादाच्याच मित्रांमध्ये दोन तट पडले. एक म्हणायचा, गोएंका नसते तर आपण दुसऱ्या पायरीवर कुजलो असतो, नाव काय चाटायचंय? दुसरा म्हणायचा, कुजलो असतो तर मोहन बागान म्हणून कुजलो असतो. दोघंही रास्त बोलत होते. म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

१८ मार्च २०२३ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर फायनल झाली. बेंगळुरूशी २-२ अशी बरोबरी, मग पेनल्टींवर जिंकून एटीके मोहन बागान चॅम्पियन. आणि कप हातात असतानाच गोएंकांनी जाहीर केलं की पुढच्या सीझनपासून 'एटीके' जाणार. १ जून २०२३ पासून नाव झालं 'मोहन बागान सुपर जायंट'. पुणेकरांना हे शेपूट ओळखीचं वाटेल. २०१६ मध्ये याच ग्रुपची आयपीएल टीम होती 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स', पुढच्या वर्षी शेवटचा 'स' काढून 'सुपरजायंट'. नंतर लखनौही 'सुपर जायंट्स'च. म्हणजे मालकाचा शिक्का गेला नाही, पुढून मागे सरकला. दादाला विचारलं, "मग जिंकलास का हरलास?" म्हणाला, "आजोबा पुढच्या खुर्चीवर बसले. सध्या एवढं पुरे."

आता दुसरा १८८९ चा क्लब.

विम्बल्डन हा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेला क्लब. १९१२ पासून प्लाउ लेन हे त्यांचं मैदान. कित्येक दशकं हौशी फुटबॉल खेळून १९७७ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये आले आणि नऊच वर्षांत, १९८६ मध्ये, सर्वोच्च विभागात. १९८८ मध्ये एफए कपच्या फायनलला त्यांनी त्या वेळच्या बलाढ्य लिव्हरपूलला १-० नं हरवलं. लॉरी सांचेझचा गोल आणि डेव्ह बीझंटनं अडवलेली पेनल्टी. आपल्याकडच्या भाषेत, गल्लीतल्या टीमनं रणजी जिंकावी तसं.

मग उतार सुरू झाला. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर वरच्या विभागांतल्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात असा नियम आला. प्लाउ लेनवर ते जमणार नाही असं मालकांनी ठरवलं आणि १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. मागे जुनं मैदान विकलं गेलं, आज तिथे फ्लॅट आहेत. २००० मध्ये टीम खालच्या विभागात घसरली. तोट्यातला क्लब, स्वतःचं घर नाही. २००१ मध्ये मालकांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला हलवायचा. मिल्टन कीन्स म्हणजे १९६७ मध्ये आखून वसवलेलं नवं शहर, तिथे लीगमधला क्लब नव्हता. अंतर साधारण ९० किलोमीटर. शिवाजी पार्कवरचा क्लब उचलून लोणावळ्याला न्यावा आणि दादरकरांना सांगावं की या तिकडे, टीम तुमचीच आहे!

२८ मे २००२ ला एफएनं नेमलेल्या तीन जणांच्या समितीनं २ विरुद्ध १ मतानं परवानगी दिली. चाहत्यांनी नवा क्लब काढणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असाही शेरा त्या निकालात होता.

चाहत्यांनी नेमकं तेच केलं. काही आठवड्यांत 'एएफसी विम्बल्डन' उभा राहिला. जूनमध्ये विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी झाली, कुणीही या! १० जुलैला पहिली मैत्रीपूर्ण मॅच, ०-४ अशी हरली. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून. पण पहिल्याच सीझनला दर सामन्याला सरासरी ३००० च्या वर लोक आले. तीन मजले वरच्या... चुकलो, कितीतरी मजले वरच्या मूळ क्लबच्या सामन्यांना त्याहून कमी येत होते.

आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. ओरॅकल सनला विकत घेणार असं दिसल्यावर २००९ मध्ये मायएसक्यूएलचा फोर्क निघाला मारियाडीबी, २०१० मध्ये ओपनऑफिसचा निघाला लिब्रेऑफिस. मालकी तुमची, माणसं आमची. फरक एवढाच की सॉफ्टवेअरच्या फोर्कला आधीचा सगळा कोड फुकट मिळतो. विम्बल्डनवाल्यांना मैदान नाही, खेळाडू नाहीत, लीगमधली जागा नाही. हातात रंग, आठवणी आणि अर्धं नाव. आणि हा क्लब डॉन्स ट्रस्टच्या ताब्यात, जिथे एका सभासदाला एक मत.

नऊ वर्षांत, मे २०११ मध्ये, ल्यूटनला पेनल्टींवर हरवून ते फुटबॉल लीगमध्ये परतले. २०१६ मध्ये आणखी एक पायरी वर. मूळ क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला गेला आणि २००४ मध्ये त्याचं नाव 'एमके डॉन्स' झालं. २००७ मध्ये त्यांनी विम्बल्डनच्या जुन्या ट्रॉफी आणि मानचिन्हं मर्टन या स्थानिक कौन्सिलकडे सुपूर्द केली. आपला इतिहास २००४ पासूनचा, हे त्यांनीच मान्य केलं. मला अख्ख्या गोष्टीत हे सगळ्यात मोठं वाटतं. कंपनी कायद्याप्रमाणे वारस कोण होता ते उघड आहे. पण १९८८ चा कप शेवटी गेला कुठे, तर जिथली माणसं त्यासाठी ओरडली होती त्या गावात.

३ नोव्हेंबर २०२० ला एएफसी विम्बल्डन प्लाउ लेनवर परतला, जुन्या मैदानाच्या अगदी जवळ बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये. पैसे कमी पडले तेव्हा रोखे काढून ५० लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली होती. पहिली मॅच डॉनकास्टरशी २-२. कोविडमुळे स्टँड रिकामे. एकोणतीस वर्षं वाट बघून लोकांनी ती मॅच घरी टीव्हीवर बघितली!

म्हणजे मालक वाईट आणि चाहते थोर? इतकं सोपं नाही. २०१२ मध्ये कार्डिफच्या मलेशियन मालकांनी, व्हिन्सेंट टॅन यांनी, निळ्या जर्सीची लाल केली. वर्षभरात टीम प्रीमियर लीगमध्ये पोचली, तीही लाल जर्सीत. पुष्कळांनी मनातल्या मनात सौदा मान्य केला असणार. पण विरोध थांबला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. २०२५ मध्ये तर ब्रिटिश संसदेनं कायदाच केला. चिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे का ते पाहायचं आणि मैदान हलवायला नियामकाची परवानगी घ्यायची. पैसा मालकाचा, पण सही एकट्याची चालणार नाही.

आता माझं. इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघं दोन बाइकवर बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या मॅचला जायचो. केशरी जर्सी ऑनलाइन घेतलेली, साइज एक नंबर मोठी. ७ मार्च २०१८ ला बेंगळुरूशी सेमीफायनलचा पहिला सामना ०-० सुटला तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. २०१९ मध्ये क्लब गुंडाळला गेला आणि ती जागा हैदराबाद एफसीला मिळाली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. पुणे एफसी २०१५ मध्येच संपला होता. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, एकेकाळचा राष्ट्रीय लीगचा विजेता, २०१० मध्ये बंद झाला.

आम्ही काय केलं? ग्रुपवर चार रडके इमोजी टाकले. मी प्लेसमेंटच्या गडबडीत होतो. कुणी माळावर निवड चाचणी घेतली नाही, कुणी वर्गणी काढली नाही. पाच वर्षांत मुळं धरत नाहीत हे खरं. पण मुळं धरायला कुणीतरी पाणी घालावं लागतं, ते काम मालकाचं आहे असं आम्ही धरून चाललो होतो. विम्बल्डनवाले तसं धरून चालले नाहीत, एवढाच फरक.

कंपनीच्या नावावर मी रडलो नाही कारण तिथे मी पगारी आहे, माझी जागा भरता येते. क्लबमध्ये उलट आहे. तिथे खेळाडू बदलतात, कोच बदलतात, मालक बदलतात. न बदलणारा एकच, तो स्टँडमधला. आणि नाव बदलताना विचारत नाहीत ते नेमकं त्यालाच.

दिवाळीच्या साफसफाईत आईनं ती केशरी जर्सी फरशी पुसायला बाजूला काढली होती. मी हळूच उचलून परत कपाटात ठेवली. क्लब नाही, मैदानात दुसऱ्यांच्या मॅच होतात, पण पोटऱ्यापर्यंत पडदा टाकून पुसून टाकावं असं काही ते नव्हतं.

असो. बरंच लांबलं. तुमच्याही कपाटात अशी एखादी जर्सी असेल तर सांभाळून ठेवा. निदान आईच्या हाती लागू देऊ नका :-)