लग्नाला परवानगी कोणाची?

१९४३ साली चीनच्या कान्सू प्रांतात, कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या मुलखात, एक खटला गाजला. फंग घराण्यातल्या एका मुलीचं लग्न लहानपणीच ठरलं होतं. पुढे जास्त पैसे देणारं स्थळ आलं आणि बापाने ते मोडलं. मुलाकडच्यांनी तिला रात्री पळवून नेलं. खालच्या न्यायालयाने लग्न रद्द ठरवलं. पण मुलीला तोच मुलगा हवा होता. ती पायी चालत वरच्या न्यायाधीशांकडे, मा शिवू यांच्याकडे गेली. त्यांनी गावासमोर सुनावणी घेतली, तिची इच्छा विचारली आणि लग्न कायम केलं. या हकिकतीवर पुढे नाटकं झाली, १९५६ मध्ये चित्रपटही निघाला.

मुलीला न्याय मिळाला हे खरंच. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. बापाचा शब्द मागे पडला आणि त्या जागी सरकारचा शब्द आला. चीनमधल्या लग्नाचा पुढचा इतिहास याच वाटेने गेला.

प्रजासत्ताक स्थापन होऊन सात महिने होतात न होतात तोच, १ मे १९५० रोजी नवा विवाह कायदा आला. बालपणी ठरवलेली लग्नं, उपपत्नी ठेवणं आणि लग्नासाठी पैसे उकळणं यांवर बंदी आली. विधवेच्या पुनर्विवाहात आडकाठी करायलाही मनाई झाली. इतक्या स्त्रियांनी काडीमोड मागितला की लोक त्याला 'घटस्फोटाचा कायदा' म्हणू लागले. गावोगाव विरोध झाला. अनेक स्त्रियांनी त्यात जीव गमावला.

बापाचा धाक कमी झाला, पण चिठ्ठीचा वाढला. लग्न करायचं वा मोडायचं तर कामाच्या ठिकाणचं पत्र लागे, गावात समितीचं. म्हणजे घरातली भांडणं साहेबापर्यंत जात. ही अट २००३ मध्ये गेली. दरम्यान १९८० पासून मुलं किती हेही सरकार ठरवू लागलं. घरोघरी मुलगा हवा होता. परिणामी २००४ च्या सुमारास शंभर मुलींमागे एकशेएकवीस मुलगे जन्मत होते.

मुली कमी, म्हणून त्यांचा मान वाढला का? शिकलेली, कमावती मुलगी सत्ताविशीपर्यंत अविवाहित राहिली तर तिला 'उरलेली' म्हणू लागले. २००७ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या नव्या शब्दांच्या यादीतही हा शब्द आला. मुली कमी असतानाही शिक्का बसला तो मुलीवरच.

मुलींनी याला आपल्या परीने उत्तर दिलं आहे. २०१३ मध्ये एक कोटी चौतीस लाखांवर लग्नं नोंदली गेली. २०२४ मध्ये जेमतेम एकसष्ट लाख. घरांच्या किमती, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, तरुणांची घटलेली संख्या ही कारणं आहेतच. पण नोकरी सांभाळून घरही एकटीनेच ओढायचं, याला अनेकजणी आता तयार नाहीत.

सरकार मात्र धास्तावलं आहे. एके काळी दुसरं मूल नको म्हणणाऱ्यांनी २०२१ मध्ये तिसऱ्याला परवानगी दिली. १० मे २०२५ पासून लग्ननोंदणीसाठी कुटुंबाची नोंदवही लागत नाही. ती बहुधा आईवडिलांच्या कपाटात असे आणि नापसंत लग्न अडवायला कामी येई. लग्नाचा दरवाजा असा उघडला. घटस्फोटासाठी मात्र, दोघेही राजी असले तरी, २०२१ पासून तीस दिवस थांबावं लागतं. लग्न करताना कुणाला विचारायला नको. मोडताना अजूनही विचारावं लागतं.