लेकराचं डोकं मोठं, टी-शर्टचा गळा लहान

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. दोन-चार वाक्यं नीट केलीत, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात आमच्या घरातून. ताई बाळंतपणाला जालन्याला आली होती. आईने माझा कॉलेजच्या फेस्टचा जुना टी-शर्ट कापला आणि तिच्या पायमशीनवर बाळासाठी झबलं शिवलं. धुऊन धुऊन कापड लोण्यासारखं मऊ झालेलं. दिसायला झबलं एक नंबर. पण तिसऱ्या दिवशी ते डोक्यातून घालताना गळ्याची टीप तटकन तुटली. कापडाला काही झालं नाही, फक्त दोरा तुटला.

आई म्हणाली, "या कापडावर माझा हातच बसत नाही रे."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. आई गल्लीतल्या लेकरांची झबली-टोपरी शिवायची. माझ्या शाळेच्या वह्या त्याच पैशातून यायच्या. मग बाजारात होजिअरीचे तयार सेट आले आणि तिचं काम हळूहळू बंद पडलं. आपल्याला "नवीन कापड" जमलं नाही, असं तिने मनाशी धरून ठेवलं आणि आम्हीही ते खरं मानलं. दिवसभर मी लोकांच्या कोडमधले बग शोधतो, पण या बगकडे कधी पाहिलंच नव्हतं. या वेळी पाहिलं, आणि थेट १८३० पर्यंत मागे जावं लागलं.

आधी एक साधी गोष्ट. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण आठवा हिस्सा असतं. नवजात बाळाचं असतं चौथा हिस्सा! डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर, म्हणजे छातीपेक्षाही थोडा जास्त. विणलेलं सुती कापड, मलमल म्हणा नाहीतर जुनं धोतर, ताणत नाही. मग गळा डोक्याच्या मापाचा केला तर झबलं खांद्यावरून घसरणार आणि मानेच्या मापाचा केला तर डोकं आत जाणार नाही.

आपल्या आज्यांनी हे कोडं केव्हाच सोडवलं होतं. झबलं पाठीमागून उघडं ठेवायचं आणि नाड्या बांधायच्या, म्हणजे डोक्यातून घालायचा प्रश्नच येत नाही. बारशाची कुंची आठवा. डोक्यावर टोपी, मागे पाठीवर सोडलेलं कापड, हनुवटीखाली बंद. तीही डोक्यातून घालावी लागत नाही. शिवाय गळ्याला उरेब पट्टी लावायची. कापड तिरकस कापलं की उभे-आडवे धागे कात्रीसारखे सरकतात आणि न ताणणारं कापड थोडंफार ताणतं. पॅटर्नच्या पुस्तकात हे वाचून मला फार हुशारीचं वाटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? उरेब तर पहिल्या आठवड्यात शिकवतात."

टी-शर्टचं कापड मात्र मागावर विणलेलं नसतं. त्यात उभे-आडवे धागे नसतात. एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात, स्वेटरसारखे, फक्त फार बारीक. ओढलं की फास लांबट होतो, सोडलं की परत गोल होतो. हे काम करणारं पहिलं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रज माणसाने १५८९ मध्ये बनवलं, मोजे विणायला. शिलाई मशीन यायला अजून अडीचशे वर्षं होती. म्हणजे हे "नवीन कापड" आईच्या मशीनपेक्षा जुनं आहे.

आता शिलाईकडे येऊ. १८३० मध्ये बार्थेलेमी थिमोनिए या फ्रेंच शिंप्याने शिलाई मशीनचं पेटंट घेतलं. त्याचं मशीन एका दोऱ्याने साखळी टाका घालायचं. हा टाका तुम्ही पाहिलेला आहे. जालना म्हणजे बियाण्याचं गाव, महिको १९६४ मध्ये इथेच सुरू झाली. बियाण्याची बॅग उघडताना बरोबर टोक सापडलं की सर्र करून सगळी शिलाई एका झटक्यात निघते ना? तोच साखळी टाका. (चुकीचं टोक धरलं तर विळा शोधावा लागतो, हा सगळ्यांचा अनुभव.) फासात फास अडकवलेला असल्यामुळे या टाक्यात दोरा शिल्लक असतो, त्यामुळे तो कापडाबरोबर ताणतो. दोष एवढाच की टोक सुटलं की सगळं सुटतं.

थिमोनिएने पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायला ऐंशीच्या आसपास मशीनं लावली. १८३१ मध्ये तिथल्या शिंप्यांनी येऊन ती फोडून टाकली, पोटावर पाय येईल म्हणून. शाळेत अशा गोष्टी "प्रगतीला विरोध" म्हणून शिकवतात. मला आता त्या शिंप्यांचा राग येत नाही. तयार सेट आले तेव्हा आईने काहीच फोडलं नाही, फक्त मशीनवर कव्हर घातलं.

साखळी टाक्याचा सुटण्याचा दोष घालवला लॉकस्टिचने. अमेरिकेत एलियास हाउने १८४६ मध्ये पेटंट घेतलं, १८५१ मध्ये सिंगर आला. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. पक्कं काम, उसवत नाही. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मधल्या एका संवादात सिंगरचं मशीन अपवाद म्हणून वगळलं होतं. पुढे तीसच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा मशीन आणलं आणि ते घराघरात गेलं.

पण या पक्केपणातच आमचा बग आहे. लॉकस्टिचच्या सरळ टिपेत दोरा जवळपास शिवणीएवढाच लांब असतो, शिल्लक काहीच नाही. कापड दीडपट ताणलं तर दोरा कुठून येणार? तो तुटतो. त्यात साधी टोकदार सुई फासाचा धागाच कापते आणि भोक पडून ओळ उसवत जाते. होजिअरीला गोल टोकाची सुई लागते, ती धागा बाजूला सारून आत शिरते.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये निघाला, १८८१ च्या सुमारास. मेरो कुटुंबाची तिथे १८३८ पासून निटिंगचीच गिरणी होती. त्यांनी कापडाच्या कडेभोवती दोऱ्याचे फास गुंडाळणारं मशीन केलं. तेच आपलं ओव्हरलॉक. तुमच्या अंगातला टी-शर्ट उलटा करून बघा, आतल्या शिवणीवर ती नागमोडी जाळी दिसेल.

भारतात होजिअरी कलकत्त्यात सुरू झाली, खिदिरपूरला, १८९३ मध्ये. बनियनचं मोठं केंद्र पुढे तमिळनाडूत तिरुप्पूरला झालं. आणि इथे मला जरा लागतं. जालन्यात १९०० च्या सुमारास निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली. जिनिंग-प्रेसिंगचं हे जुनं ठाणं. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यातही जालन्याची महिको होतीच. बी इथलं, कापूस इथला, सरकी इथे निघते, गाठी इथे बांधल्या जातात. पण महाराष्ट्रातला बराच कापूस दक्षिणेच्या सूतगिरण्यांकडे जातो. सूत, निटिंग, ओव्हरलॉक सगळं तिकडे. आपल्याकडे परत येतो तो पारदर्शक पिशवीतला तीन नगांचा सेट. आई ज्याच्यापुढे हरली ती कोणी जास्त चांगली शिवणारी बाई नव्हती, आईकडे नसलेलं एक मशीन होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. दोऱ्याचं चित्र काढून दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे साखळी टाका चालंल म्हणतो?"

तुटलेली टीप तिने उसवली. गळ्याला हाताने साखळी टाका घातला, भरतकामात घालतात तसा बारीक, आणि शेवटची गाठ तीनदा मारली. बाजूच्या शिवणी बाजारातल्या पिको-फॉलवाल्याकडून ओव्हरलॉक करून आणल्या. त्याने पैसे घेतले नाहीत, एवढ्याशा कामाचे काय घ्यायचे म्हणाला. खांद्याला एका बाजूने टिचबटण लावलं, ती मात्र तिची स्वतःची कल्पना.

भाची आता त्या झबल्यात मावत नाही. आईने माझे आणखी दोन टी-शर्ट मला न विचारता कापलेत, त्यातला एक मी अजून घालत होतो.

तुमच्या घरी जुनी कुंची असेल तर फोटो पाठवा, पुढचा भाग त्यावरच करायचा विचार आहे. फोटो आतल्या बाजूचाही काढा, शिवण दिसली पाहिजे.