जुन्या बुलेट-येझदीचे तांब्याचे पॅकिंग

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९९६मध्ये उत्पादन थांबवले. बिडाच्या सिलिंडरचे बुलेटचे जुने इंजिनही २०१०च्या सुमारास बंद झाले. ही नावे आज नव्या गाड्यांवर दिसत असली, तरी त्यांचे सुटे भाग जुन्या इंजिनांना बसत नाहीत. त्यामुळे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत ज्यांनी वडिलांची येझदी किंवा बुलेट जपली आहे, त्यांच्या दृष्टीने सिलिंडर हेड ही सहजासहजी पुन्हा न मिळणारी वस्तू ठरते. हेड आणि सिलिंडर यांच्यामधले पॅकिंग, म्हणजेच हेड गॅस्केट, फुटले आणि गाडी तशीच दामटली, तर निसटणारा तप्त वायू हेडच्या अॅल्युमिनियमवर चर पाडतो. काही रुपयांच्या पत्र्यापायी हेड गमावण्याची वेळ येते.

या इंजिनांत सिलिंडर बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. या ओढाताणीत टिकेल आणि उष्णताही पुढे नेईल, असा धातू म्हणजे तांबे. मात्र ते नरम असले तरच उपयोगाचे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मठारकामात हातोडीच्या ठोक्यांनी भांडे कडक होते आणि भट्टीत तापवले की पुन्हा मऊ पडते. इंजिनात दाबले गेलेले पॅकिंगही असेच कडक होते. ते तसेच पुन्हा बसवणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

पत्रा मिळवणे फारसे अवघड नाही. मुंबईत गुलालवाडी आणि कीका स्ट्रीट हा अलोह धातूंचा जुना बाजार आहे. मागताना शुद्ध तांबे, विजेच्या कामाला वापरतात त्या प्रतीचे, असे स्पष्ट सांगावे. पितळ चालत नाही. कापून घेण्यासाठी वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतींत चौकशी करता येते. वॉटरजेटवर कडा स्वच्छ निघतात, पण एका नगासाठी यंत्र लावणे परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून काम द्यावे हे बरे. जुन्या पॅकिंगवरून माप घेऊ नये, कारण ते दबून पसरलेले असते. माप सिलिंडर आणि हेडवरूनच घ्यावे. मधले भोक सिलिंडरच्या बोअरपेक्षा किंचित मोठे ठेवावे. आत डोकावणारी तांब्याची कड लालबुंद होते, ठिणगीआधीच पेट्रोल पेटवते आणि पिस्टनला भोक पाडू शकते.

जाडीबाबत तडजोड नको. ३५० बुलेटचे बोअर ७० मिलिमीटर. पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड झाले, तर ज्वलनकक्ष सुमारे १.९ घन सेंटिमीटरने वाढतो आणि ६.५चे कॉम्प्रेशन ६.३वर येते. गाडी चालते, पण चढावर दमते. पातळ पॅकिंगचा धोका याहून मोठा, कारण त्याने कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोके देऊ लागते.

जुने पॅकिंग काढताना एक सावधगिरी हवी. पूर्वी दोन तांब्याच्या पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरलेली पॅकिंग सर्रास मिळत. तसे दिसल्यास ते कोरडे खरवडू नये. ओले करून उचलावे.

नवे पॅकिंग बसवण्याआधी हेड सपाट आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने पाहावे. थोडा बाक असल्यास जाड काचेवर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून हेड घासतात. बाक जास्त असेल तर यंत्रकामच हवे. पॅकिंगच्या कडांची कूस बारीक कानशीने काढावी आणि मग ते गॅसच्या ज्योतीवर, मंद उजेडात, फिकट लाल दिसेपर्यंत सगळीकडे सारखे तापवावे. लगेच पाण्यात सोडले तरी बिघडत नाही. पोलादाप्रमाणे तांबे त्यामुळे कडक होत नाही, उलट काळी खपली सुटते. उरलेला काळेपणा चिंचेने किंवा ठाण्याच्याच कंपनीच्या पितांबरीने जातो, पण कण राहता कामा नयेत. फरशीवर टाकल्यावर खणखणीत वाजले तर पॅकिंग अजून कडक आहे. नरम झालेले बद्द आवाज करते.

नट तिरप्या समोरासमोरच्या क्रमाने, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतला. इंजिन एकदा पूर्ण तापवून रात्रभर थंड होऊ द्यावे, नंतर पुन्हा आवळावे. शंभरेक किलोमीटरनंतर आणखी एकदा. बुलेटमध्ये प्रत्येक वेळी टॅपेटही पाहावे लागते, कारण हेड केसभर खाली बसले की पुशरॉडची फट बदलते. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरायला हवा, पण वर-खाली हलता कामा नये.