कुत्र्याचा पट्टा आणि आपलं अहिंसा अणुव्रत



आमच्या स्वाध्याय गटात परवा एकीने विचारलं, "ताई, नातवाच्या हट्टापायी घरात कुत्रा आलाय. सकाळी बागेत नेते तेव्हा पट्टा बांधायला माझं मन होत नाही. बंधन हा अहिंसा अणुव्रताचा अतिचार ना? मग मोकळंच सोडलेलं बरं नाही का?"

तिची शंका अगदी रास्त आहे. पाठशाळेत पाच अतिचार पाठ केलेल्या कुणालाही ती पडेल. छेदन, बंधन, पीडन, अतिभारारोपण आणि आहार रोखणं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी ते सांगितले आहेत, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही आहेत. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत बंधाचा जो अर्थ केला, तो तर थेट पट्ट्यालाच लागू पडतो: जीवाला जिथे जायचं आहे तिथे जाण्यापासून अडवणं.

पण नुसत्या व्याख्येवर थांबायला नको. माणूस, कुत्रा आणि दोरी यांचा इतिहास आपल्या धर्माच्या इतिहासात बराच मागे जातो. तो पाहिला की उत्तर सापडतं, असं मला वाटतं.

सुरुवात भगवान महावीरांपासून करू. श्वेतांबर परंपरेच्या आचारांग सूत्रात त्यांच्या साधनाकाळाचं वर्णन आहे. लाढ नावाच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या बंगालच्या भागात, ते विहार करत होते. तिथली कुत्री अंगावर येत, चावत. त्यांना आवरणारे लोक थोडेच. उलट छू छू करून कुत्री अंगावर सोडणारे पुष्कळ. त्या भागात फिरणारे इतर साधू हातात काठी ठेवत. महावीरांनी काठी घेतली नाही, त्यांनी तो उपसर्ग समभावाने सहन केला.

आपण ही कथा ऐकतो ती भगवंतांच्या क्षमेसाठी. मला त्यातली दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. आगमाने दोष नोंदवला आहे तो माणसांचा. कुत्र्याने त्याच्या स्वभावाप्रमाणे केलं. ज्यांना आवरता येत होतं त्यांनी आवरलं नाही, यात खरी हिंसा झाली. तत्त्वार्थसूत्रातही हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू होते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेफिकिरी.

आपल्या ग्रंथांत कुत्र्याच्या जीवालाही मोल आहे. जीवंधरकुमाराची कथा आठवा. लोकांच्या माराने मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव देवगतीला गेला, यक्ष झाला, पुढे जीवंधराच्या संकटात धावून आला. पंचेंद्रिय, मन असलेला जीव आहे तो. त्याला भीती कळते, माया कळते.

तरीही आपल्या आजी-पणजींच्या घरात कुत्रा पाळण्याची रीत फारशी नव्हती. दारातल्या कुत्र्याला भाकरी रोज जायची, पण तो घरचा नसायचा. त्यामागेही विचार आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या व्यवसायांमध्ये पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांना पैशासाठी पोसणं येतं. पैशासाठी, हा शब्द लक्षात घ्या. महागड्या जातीची पिल्लं काढून विकण्याचा धंदा आज जोरात आहे, तो याच यादीत बसेल.

बांधण्याबद्दल सर्वात स्पष्ट उत्तर मला पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात मिळालं. तेराव्या शतकातला हा ग्रंथ. गाईबैलांच्या संदर्भात त्यांनी श्रावकासाठी तीन पायऱ्या सांगितल्या. सर्वात उत्तम, जनावरांवर उपजीविका करणंच सोडावं. ते जमत नसेल तर न बांधता ठेवावीत. तेही जमत नसेल तर बांधावीत, पण निर्दयपणे बांधू नयेत. श्रावकाचारावरच्या जुन्या टीकांमध्ये याचा आणखी खुलासा आहे. बंधन दोन प्रकारचं. एक घट्ट, ज्यात जीवाला हलता येत नाही. दुसरं सैल, ज्यात हालचाल करता येते आणि आग लागली तर गाठ पटकन सोडता येते. पहिलं दोषाचं, दुसरं गृहस्थाला चालणारं.

म्हणजे प्रश्न दोरीचा नाही. दोरी कशासाठी, किती सैल, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला असलेलं माणूस जागं आहे का, हा प्रश्न आहे.

ही बेफिकिरी शेवटी कुणाला भोवते, हे पाहायचं तर १८३२ सालच्या मुंबईत यावं लागेल. शहरात मोकाट कुत्री वाढलेली, पिसाळलेल्या कुत्र्याची भीती तर होतीच. तेव्हा लस नव्हती. लुई पाश्चरची लस आली १८८५ साली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम इंग्रज सरकारने १८१३ मध्येच केला होता. १८३२ मध्ये मारण्याची मुदत वाढवली गेली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आता विचार करा, बक्षीस कुत्र्यांच्या संख्येवर असेल तर पिसाळलेला कोण आणि गरीब कोण हे कोण बघत बसणार?

६ जून १८३२ हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. माणूस गेल्यावर कुत्र्याची नजर पार्थिवावर पडू देण्याचा त्यांचा सगदीद नावाचा विधी आहे. त्या दिवशी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, सैन्याला जाणारं अन्नपाणी अडवलं गेलं. या बंदमध्ये पारशांबरोबर हिंदू होते आणि आपले जैन व्यापारीही होते. शेवटी सरकारने फौज आणली आणि पुढाऱ्यांना पकडलं. हा प्रसंग मुंबईच्या इतिहासात कुत्र्यांचा दंगा म्हणून नोंदला गेला. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा तोडगा निघाला.

आपल्या लोकांनी तेवढ्यावर हात झटकले नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी मिळून मुंबईची पांजरापोळ उभी केली. हे मोतीचंद अमीचंद म्हणजेच मोतीशा शेठ. भायखळ्याचं आदीश्वर मंदिर आणि पालीताण्याची मोतीशा टूंक त्यांचीच. भुलेश्वरच्या बाजूला पांजरापोळ आजही आहे. आज तिथे गाई दिसतात, पण तिच्या स्थापनेमागे सरकारच्या गोळीपासून वाचवायची भटकी कुत्री होती, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत असेल?

या इतिहासातून मी एवढंच घेते, की माणसांना कुत्र्याची भीती वाटू लागली की किंमत कुत्रा मोजतो. १८३२ मध्ये तसंच झालं. आपल्या डोळ्यांसमोरही झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, मग काही दिवसांतच तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री परत सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नयेत, आणि खाणं ठरवून दिलेल्या जागीच घालावं. देशभर दोन तट पडले. बागेत एखादा मोकळा सोडलेला पाळीव कुत्रा लहान मुलाच्या अंगावर धावला, की त्या मुलाच्या आईच्या मनात सगळ्याच कुत्र्यांबद्दल राग बसतो. उद्या सोसायटीच्या सभेत ती ज्या बाजूने हात वर करील, त्यात गेटवरच्या गरीब कुत्रीचंही नशीब ठरतं.

कायदाही हेच दोन्ही बाजूंनी सांगतो. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा १८६०च्या भारतीय दंड संहितेपासून गुन्हा आहे. आताच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरीकडे १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यासाठी राज्यसभेत आधी विधेयक आणलं ते एका बाईने, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. या कायद्यात फार आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाही गुन्हा आहे. पंडित आशाधरांची सैल गाठ आणि हे कलम, सातशे वर्षांचं अंतर असूनही दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

म्हणून त्या मैत्रिणीला मी सांगितलं ते इथेही लिहिते.

बागेत, रस्त्यावर, जिन्यात, लिफ्टमध्ये पट्टा असावाच. त्याची लांबी आपल्या हातात आवरेल इतकी. लांब सुटणारी दोरी गर्दीत नको, चालणाऱ्याच्या पायात अडकते. गळ्याला काच बसणारी साखळी नको, छातीवरून जाणारा पट्टा बरा. पट्टा आणि गळा यांच्या मध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. लहान मुलाच्या हाती मोठा कुत्रा देऊ नये, त्याने ओढ घेतली तर मूल काय आवरणार?

"आमचा काही करत नाही" हे वाक्य बोलू नये. समोरच्याला ते कसं कळणार? कुणी घाबरून थबकलं की आपणच पट्टा आखडून बाजूला व्हावं. दुसऱ्याच्या मनात भय उत्पन्न करणं हीही पीडाच.

कुत्र्याने शी केली तर कागदाने उचलून कचऱ्यात टाकावी. आपण पाणी गाळून पितो, चार हात पुढची जमीन बघून चालण्याचं कौतुक करतो. मग दुसऱ्याच्या पायाखाली घाण सोडून कसं चालेल? तिच्यात जीवोत्पत्ती होते, त्यावर पाय पडतो, तो दोष वेगळाच.

देवदर्शनाला जाताना कुत्र्याला मंदिराबाहेर खांबाला बांधून जाऊ नये. तो उन्हात तडफडतो आणि येणारे श्रावक पायरीवर अडतात. त्याला घरी ठेवून यावं. घरीही बांधायची गरज नसेल तेव्हा सोडावं, पाण्याचं भांडं भरलेलं असावं. अन्नपाणी रोखणं हाही त्या पाचांतलाच अतिचार. दरवर्षी रेबीजची लस आणि जिथे महापालिकेचा परवाना लागतो तिथे तो, यात हयगय नको.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. आपल्या मुनींचा विहार सकाळी होतो, कुत्री फिरवायची वेळही तीच. मुनिराजांच्या हातात पिंछी आणि कमंडलू, काठी नाही. ते पळणार नाहीत, हाकलणार नाहीत, ओरडणारही नाहीत. लाढ देशात कुत्री आवरणारे थोडेच होते. आपल्या गल्लीत आवरणारे आपण असायला हवं. विहार दिसला की कुत्रा घेऊन रस्त्याच्या कडेला थांबावं, पट्टा हाताला गुंडाळून घ्यावा, आणि तिथूनच नमोस्तु म्हणावं.

पट्ट्याचं एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असतं, पण नियम मात्र दुसरं टोक धरणारीचा असतो. कुत्र्याने अणुव्रत घेतलेलं नाही, आपण घेतलं आहे.

जय जिनेंद्र.