पोरगं ‘स्वतःच्या बळावर’ शिकलं, पण ते बळ येतं कुठून?

‘कुणाचं मार्गदर्शन नाही, क्लास नाही, पोरगं स्वतःच्या बळावर शिकलं!’ हे वाक्य आपल्या नगर जिल्ह्यात फार कौतुकानं बोललं जातं. इंजिनिअरिंगच्या एखाद्या मुलानं मोबाइलवर बघून बघून प्रोग्रामिंगची नवी भाषा शिकली आणि पुण्यात नोकरी धरली, की लग्नाच्या मांडवात आणि सप्ताहाच्या पंगतीत हेच ऐकू येतं. कौतुक व्हायलाच पाहिजे. पण त्या ‘बळा’चा इतिहास कुणी सांगत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. सवडीनं वाचा.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. नगरचं जिल्हा वाचनालय 1838 सालचं आहे. पुण्यातलं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, म्हणजे आपण पुण्याच्याही दहा वर्षं पुढं होतो. सुरुवातीला त्याचा उपयोग मूठभर शिकलेल्यांनाच झाला असणार, हे उघड आहे. तरी कल्पना मोठी होती. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसली तरी माणसाला वाचता आलं पाहिजे, आणि त्याची सोय गावानं मिळून करायची. स्वयंअध्ययनाचा पाया इथं आहे.

दुसरं ठिकाण भुईकोट किल्ला. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले आणि नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अकरा सोबत्यांचे आभार मानलेत, आणि त्यातही मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांची नावं मुद्दाम घेतलीत, हे फारसं कुणी सांगत नाही. तुरुंगात ना कॉलेज, ना प्राध्यापक. पण विचारायला माणसं होती, वाद घालायला माणसं होती. एकांतात लिहिलेलं पुस्तकसुद्धा एकट्याचं नव्हतं.

आता इथून मुंबईला चला, कारण याच नेहरूंचा संगणकाशी एक धागा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं भारतात घडवलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक 1960 मध्ये सुरू केला. सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूबचं ते धूड होतं. 1962 मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण झालं. ज्यांनी तो घडवला त्यांच्यासाठी कुठल्याही विद्यापीठात संगणकाची पदवी नव्हती. म्हणजे बघा, आपल्या देशातली प्रोग्रामरची पहिली पिढी सगळीच्या सगळी स्वयंअध्ययनातून आली. पण मशीन सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत होतं आणि चूक दाखवायला शेजारी सहकारी होता.

हे सगळं मुंबईत. आपल्या जिल्ह्यात इंजिनिअरिंग आलं ते 1983 ला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी ही कॉलेजं उभी राहिली. तिन्ही साखर कारखान्यांच्या परिसरात. ज्या लोणीनं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, तिथं तेहतीस-चौतीस वर्षांनी इंजिनिअर घडू लागले. विनाअनुदानित म्हणजे फी जास्त, यावर तेव्हाही टीका झाली आणि ती चुकीची नव्हती. पण उसाच्या बिलातून फी भरून घरातला पहिला इंजिनिअर झालेली कितीतरी माणसं हे वाचत असतील.

मी त्याच पिढीतला, नव्वदच्या दशकातला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हा सगळीकडं थोड्याफार फरकानं तेच होतं. एका कॉम्प्युटरवर तिघं बसायचे. एकाच्या हातात कीबोर्ड, बाकीचे दोघं मागून सांगणार. पाच वाजले की लॅबला कुलूप, आणि साडेपाचची एसटी चुकली की गावाला पोचायचे वांधे. त्यामुळं ‘सी’चा प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, मनातल्या मनात एकेक ओळ चालवून बघायचा आणि मगच मशीनला हात लावायचा. सी ही भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये केली. आमच्यापर्यंत ती पोचवली नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकानं. परवडेल असं आणि सोप्या इंग्रजीतलं ते पुस्तक. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला ते डिक्शनरी न उघडता समजायचं. आमच्या रूमवर एक प्रत होती आणि वाचणारे सहा जण. आता सांगा, आम्ही ‘स्वतःच्या बळावर’ शिकलो म्हणायचं का?

अभ्यासक्रम आणि तंत्रज्ञान यांच्यात नेहमीच अंतर राहतं. पायथनचंच बघा. नेदरलँड्समध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत या भाषेचं काम सुरू केलं आणि 1991 मध्ये ती सगळ्यांना फुकट खुली केली. आपल्या पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ती आली 2019 च्या पॅटर्नमध्ये. मधे 28 वर्षं गेली. यात मास्तरांना दोष देऊन भागणार नाही. अभ्यासक्रम बदलायचा तर समित्या, मान्यता, पुस्तकं, परीक्षा हे सगळं बदलावं लागतं. म्हणून या मधल्या काळात पोरांना स्वतःच शिकावं लागतं. तेव्हाही लागत होतं आणि उद्याही लागणार.

माझा पुतण्या सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं अभ्यासक्रमात नसलेली ‘रस्ट’ नावाची भाषा शिकायला घेतली. ग्रेडन होर या प्रोग्रामरनं 2006 मध्ये स्वतःपुरती सुरू केलेली ही भाषा, तिची पहिली पक्की आवृत्ती आली 2015 मध्ये. तिचं अधिकृत पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे, पण इंग्रजीत. मालकी आणि उसनवारीच्या नियमांवर गडी तीन आठवडे अडून बसला होता. शेवटी त्याच्या मित्राच्या भावानं, जो पुण्यात कामाला आहे, त्याला फोनवर मराठीत समजावलं. म्हणाला, एकाच नावाचा सातबारा डोळ्यांपुढं आण. माहितीचा मालक एका वेळी एकच. जमीन दुसऱ्याच्या नावावर केली की पहिल्याचा हक्क संपला. नुसती बघायला दिली तर मालकी हलत नाही, आणि बघायला कितीही जण येऊ देत. पण नांगर एकाच वेळी एकाच्याच हातात, आणि तो नांगरत असेपर्यंत बघ्यांनीही शिवारात थांबायचं नाही. दहा मिनिटांत विषय संपला!

पोरगं हुशारीत कमी नव्हतं. त्याला हवी होती आपल्या भाषेत बोलणारी एक व्यक्ती. ज्याच्या ओळखीत पुण्याचा दादा नाही, त्यानं काय करायचं? माझ्या लेखी खरा सार्वजनिक प्रश्न हा आहे.

काही कामं झालीत, ती सांगितलीच पाहिजेत. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीमुळं गावोगाव कॉम्प्युटरला हात लागला. त्यात वापरणं शिकवलं, प्रोग्राम लिहिणं नाही, पण भीती गेली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं सी, पायथन असे विषय छोट्या छोट्या धड्यांत, मराठी आवाजातसुद्धा दिलेत. ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं, पुढं जायचं. एकट्यानं शिकणाऱ्यासाठीच ते बनवलंय, आणि फुकट आहे. आणखी एक गंमत सांगतो. पायथनच्या आताच्या आवृत्तीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं. ‘वजन’ आणि ‘दर’ अशी नावं देऊन उसाच्या बिलाचा प्रोग्राम लिहिला तर तो बिनबोभाट चालतो. घरी मुलं असतील तर करून दाखवा, चेहरे बघण्यासारखे होतात.

मग राहिलं काय? जागा, वेळ आणि माणूस. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांप्रमाणे वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे इमारत, कपाटं, वर्गणीदार ही घडी बसलेली आहे. अशा वाचनालयात संध्याकाळी दोन तास चार कॉम्प्युटर चालू ठेवले, इंटरनेट दिलं आणि शनिवार-रविवारी सुट्टीला गावी येणाऱ्या नोकरदार पोरांना तिथं बसायची विनंती केली, तर किती खर्च येईल? एका जयंतीच्या डीजेपेक्षा नक्कीच जास्त नाही. ज्या कॉलेजांच्या लॅब सुट्टीच्या दिवशी बंद असतात, त्यांनीही गावातल्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस दार उघडावं. मशीन झाकून ठेवल्यानं जास्त टिकत नाही, फक्त जुनी होते.

निवडणुका येतील, मतं मागायला लोक दारात येतील. रस्ता, पाणी, वीज हे विचाराच. सोबत एवढंही विचारा, ‘आमच्या वाचनालयाला कुलूप किती वाजता लागतं?’

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं की पोरगं स्वतःच्या बळावर शिकलं, तर त्याचं अभिनंदन करा आणि त्याला पुस्तक कुणी दिलं, अडलं तेव्हा फोन कुणी उचलला, हेही विचारा. त्या माणसांची संख्या वाढवणं आपल्या हातात आहे.